गुळाची पुडी

शुक्रवार, ३० एप्रिल १९९९, संध्याकाळ

अण्णा आज रिटायर झाले. एकलहऱ्याच्या पॉवर स्टेशनात जन्मभर कोळसा उतरवून घेण्याचं काम केलं. आज शाल-नारळ घेऊन घरी आले आणि चहा पिऊन आत जाऊन पडले. घरात बोलायला कोणी नाही, म्हणून हे लिहितेय.

तो गूळ काही डोक्यातून जात नाही. लहानपणी ड्यूटीवरून आले की अण्णा खिशातून कागदाची पुडी काढायचे. आत गुळाचा खडा, कडेला थोडी काळी धूळ. मी फुंकर मारून खायचे. मला वाटायचं, येताना दुकानातून माझ्यासाठी घेतात.

आज निरोप समारंभात त्यांच्या पाळीतले शिंदेकाका सहज बोलून गेले. "कोळशाची धूळ घशात बसू नये म्हणून आम्हाला रोज गूळ मिळायचा. तुझ्या बापाने कधी तोंडात नाय घातला. म्हणायचा, पोरगी वाट बघते." काका हसत होते, मग मीही हसले.

आई असती तर विचारलं असतं, तुला माहीत होतं का? आता कोणाला विचारू? आणि अण्णांना काय म्हणू, थँक्यू? आमच्या घरात कोणी कोणाला असं म्हणत नाही.

मघाशी चहाबरोबर बशीत गुळाचा खडा ठेवला. अण्णांनी खड्याकडे पाहिलं. "आता कशाला गं? आता कुठे कोळसा आहे," म्हणाले आणि बशी माझ्याकडे सरकवली.

गूळ तसाच आहे, माझ्यासमोर. आतल्या खोलीत अण्णा खोकतायत.