एकाच श्रोत्याची मैफल

बेस्ट, नेदरलँड्स
१५ मे २०२०

प्रिय सुनेत्रा,

टपाल बंद आहे, म्हणून या पानाचा फोटो कुणालच्या फोनवर पाठवतोय. तुझ्या लेकाला बजावलंय, आईचं पत्र आहे, तू वाचायचं नाही. त्यानेच कळवलं, की देऊळ बंद झाल्यापासून सांजवात लावायला तू एकटीच जातेस आणि गाभाऱ्यासमोर बसून गातेस. कुणाची चाहूल लागली की थांबतेस. एकतीस वर्षांनी तू गातेस, हे वाचून मला जेवण गेलं नाही.

इथे ऑफिस घरातच आलंय. दर गुरुवारी संध्याकाळी मात्र मी एका स्वीडिश बाईंना ऐकतो. सिग्ने अल्मरूद त्यांचं नाव, तिकडचं शास्त्रीय गातात. सभागृहं बंद, म्हणून स्वतःच्या स्वयंपाकघरात, साध्या स्वेटरवर, कॅमेऱ्यासमोर उभ्या राहून. त्यांच्याबरोबर शिकलेल्या दोघी आज फार नावाजलेल्या. त्या घरून गायल्या तर वीस-वीस हजार लोक ऐकतात. सिग्नेबाईंना तीस-चाळीस. पडद्याच्या कोपऱ्यातला तो आकडा बघून आमची ऋजुता हसते, ‘बाबा, धिस इज नॉट अ कॉन्सर्ट, धिस इज युअर टीम मीटिंग!’ मी त्या दोघींनाही ऐकलं. गातात सुंदरच, खोटं का बोलू? पण त्या ऐकणाऱ्याला जिंकायला गातात. या बाईंचा आवाज विहिरीतून पाणी शेंदावं तसा सावकाश वर येतो. शब्द कळत नाहीत, तरी आरतीनंतर देवळात जसं गप्प बसावंसं वाटतं, तसं होतं.

काल त्या दोघींपैकी एकीचा कार्यक्रम नेमका त्याच वेळी होता. इथला आकडा उतरत गेला. अकरा, सहा, दोन. मग एक. तो एक म्हणजे मी. कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या होत होत्या, कॉलवर असलेली तुझी वहिनी वरून ओरडली, ‘अहो, गॅस तरी बंद करा!’ मी हललो नाही. बाईंनी एकही कडवं गाळलं नाही. शेवटी नेहमीसारख्या कमरेत वाकल्या. माझेही हात जोडले गेले. भात करपला.

का हललो नाही, ते तुला सांगायचं आहे. सप्ताहाच्या त्या शेवटच्या संध्याकाळी तू पंधरा वर्षांची होतीस. तुझ्याच गुरुजींकडे शिकणारी वसुधा शाळेच्या मैदानात लाउडस्पीकरवर गायला लागली आणि देवळातले लोक एकेक करून उठले. तू डोळे मिटून गात होतीस. उघडलेस तेव्हा पेटीवर गुरुजी तेवढे उरले होते. मी बाहेर चपला राखत बसलो होतो, असं तुला सांगितलं. खोटं होतं ते. मित्र हसतील म्हणून मीही उठलो होतो, सुनेत्रा. मैदानात टाळ्या वाजवत होतो. त्यानंतर तू गायली नाहीस. देवापुढे कितीदा कबूल केलं, तुझ्यापुढे राहिलं. उद्या शनिवार. सांजवातीला जाशील तेव्हा कुणालचा फोन ने आणि मला लावून उंबऱ्यावर ठेव. तुझे सात म्हणजे इथले साडेतीन. मी खाली मांडी घालून बसेन. नाही ठेवलास तरी बसेन. तुझं संपेपर्यंत उठणार नाही.

तुझाच,
वासूदादा