पायाखालचं पॅडल

८ नोव्हेंबर, शनिवार

सतरा ऑक्टोबरच्या पानावर मी लिहिलं आहे — "सर सगळा वेळ दगडासारखे बसून होते. कशाला हात लावला नाही." हे चूक आहे. हात लावला नाही, एवढं खरं. पाय लावला होता.

त्या दिवसाचं लांब उड्डाण एकटीनं करायचं होतं. वैमानिकाच्या लायसन्ससाठी दोनशे तास लागतात, त्यातले निम्मे स्वतःच्या जबाबदारीवर. आणि त्यात हे एक — साडेपाचशे किलोमीटरचं, दोन अनोळखी धावपट्ट्यांवर उतरून परत यायचं. हे नसेल तर लायसन्स नाही. लायसन्स नसेल तर विमान कंपनी दारातही उभं करत नाही.

मी पट्टे बांधून बसले होते आणि मला उडायला शिकवणारे धर्मपाल सर उजवीकडचं दार उघडून आत आले. म्हणाले, "मी आज सामान आहे. सामानाशी बोलायचं नाही."

मी हसले. नको म्हणाले नाही.

दुसऱ्या धावपट्टीवर उजवीकडून आडवा वारा होता. अशा वेळी विमानाचं नाक वाऱ्याकडे वळवून खाली यायचं, आणि चाकं टेकायच्या जरा आधी डावं पॅडल दाबून ते सरळ करायचं. दोन्ही जागांपुढची पॅडलं जोडलेली; एकीकडचं दाबलं की दुसरीकडचंही खाली जातं. मी थांबले होते. आता दाबू, आता दाबू करत होते. आणि पॅडल माझ्या पायाखालून खाली गेलं. माझ्याआधी.

छान उतरलो. संध्याकाळी सर म्हणाले, "नोंदवहीत एकटीचं म्हणून लिही." मी लिहिलं. इथे येऊन दगडाचंही लिहिलं. मला वाटतं, ते पॅडल मीच दाबलं असं मला तेव्हा खरंच वाटायला लागलं होतं.

९ नोव्हेंबर

सकाळपासून कापूस वेचायला याडीबरोबर, मायलेकी एकाच ओळीत. हात बोंडांत, डोकं धावपट्टीवर. लखनभिया शेताच्या धुऱ्यावरून ओरडला, "पायलट मॅडम, खाली पाहा, अर्धी बोंडं सुटून राह्यली!" शेजारच्या मानीबाई काकी कंबर सरळ करत म्हणाल्या, "ईमान चालवते म्हणते, अन् दारव्ह्याले जायचं तं भाऊ सोबत पाह्यजे हिले." सगळ्या हसल्या. मीही.

खरं आहे ते. आमच्या तांड्यात लांबच्या वाटेला मुलगीच काय, कोणीच एकटं निघत नाही. लखनभियानं दर खेपेला मला फ्लाइंग क्लबच्या फाटकापर्यंत सोडलं आहे आणि उलट्या गाडीनं परत गेला आहे.

१० नोव्हेंबर

बापूंकडे बघवत नाही.

शाळेत मी नऊ वर्षांची झाल्यावर गेले. तोवर वडील आणि मास्तर दोन्ही बापूच, ओट्यावर, पाटीवर. घरात आमची गोरबोली, पण लिहायचं ते मराठीत, असा त्यांचा नेम. म्हणून ही वहीही मराठीत. नवं अक्षर आलं की ते माझा हात धरून एकदा गिरवून घ्यायचे. मग पदरानं — याडीच्या — पाटी पुसायचे. मी रडायचे, चांगलं आलेलं अक्षर पुसलं म्हणून. ते म्हणायचे, "हात धरून काढलेलं आपलं नसते, बाई. आता तुहं काढ."

माझं वाकडं यायचं. ते ठेवायचे.

११ नोव्हेंबर

जेवण गेलं नाही. याडीला सांगितलं पित्त आहे.

१२ नोव्हेंबर, बुधवार

क्लबच्या ऑफिसातून सुरभीचा फोन. तिच्या आवाजात लग्नघरासारखी गडबड. "वर्षा, तुझे सगळे तास भरले! एकोणीसला ये, नोंदवहीवर शेवटची सही कर. त्याच दिवशी कागद पाठवते, म्हणजे कंपनीच्या परीक्षेच्या आत लायसन्स हातात पडेल."

परीक्षा बारा डिसेंबरला. दोन वर्षांनी पहिल्यांदा त्यांनी नवीन मुलांची भरती काढली आहे.

मी सहज विचारल्यासारखं विचारलं — लांबचं उड्डाण पुन्हा करायचं म्हटलं तर? ती म्हणाली, "कशाला पण? एक विमान दुरुस्तीला उघडून पडलंय, दुसऱ्याला रांग आहे. जानेवारीच्या आधी नाही. आणि तुझं झालंय ना?"

"हो," म्हणाले.

हो का म्हणाले?

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

वणीला जाऊन आले. सर सुट्टीवर घरी आले आहेत हे कळलं होतं. लखनभिया सोबत होताच. त्याला सांगितलं, पेढे द्यायचेत. कोळशाच्या ट्रकांमागे बस अशी रांगत होती की मला वाटलं, पोचूच नये.

सरांचे वडील खाणीत कामाला होते. तेव्हाचंच घर, पुढे तुळस, पानांवर काळी पूड. लखनभिया कोपऱ्यावर पान खायला गेला तेव्हा मी विचारलं.

"सर, दुसऱ्या लँडिंगला डावं पॅडल तुम्ही दाबलं होतं."

"कुठं? मी तं सामान होतो."

"सर."

त्यांनी पेढ्याचा डबा बंद केला. "ठेवला असन पाय. मास्तरच्या पायाले खोड असते."

"मग ते उड्डाण एकटीचं नाही."

"साडेतीन तास तूच चालवलं. रेडिओ तू, नकाशा तू, तीन वेळा उतरवलं तू. एका पायासाठी काहून जीव खाऊन राह्यली?"

मी विचारलं, मग तुम्ही बसलातच का? दुसऱ्या कोणाच्या उड्डाणात तुम्ही बसला नाहीत. मी मुलगी म्हणून?

सरांनी आतून चहाचे दोन कप आणले. मग म्हणाले, "तुहे बापू आलते. मागच्या महिन्यात, हितंच. इस्त्रीचे कपडे घालून. मले म्हणे, गुरुजी, इतक्या लांब पोरीले एकटी नका धाडू. आमच्यात वाटेवर एकटं कोणी जात नाही. माह्या वडलांएवढा माणूस हात जोडून उभा. मी नाही कसं म्हणू?"

बापू! मी एवढंच विचारलं, तुम्ही पाय लावला नसता तर मी वेळेवर दाबलं असतं का?

"दाबलंच असतं."

"नक्की?"

सर चहाच्या कपाकडे बघत होते. "नक्की असतं," ते म्हणाले, "तं माहा पाय कायले हालला असता?"

परतीच्या बसमध्ये लखनभियानं विचारलं, सरांना पेढे आवडले का. आवडले म्हणाले.

१५ नोव्हेंबर

बापूंना शेतात गाठलं. ते कापसाचं गाठोडं बांधत होते.

"बापू, तुम्ही वणीला गेला होता."

गाठ मारून झाल्यावर म्हणाले, "गेलतो."

"मला न सांगता."

"सांगतलं असतं तं तू जाऊ देल्लं असतं का?" मग लदेणीचं सांगायला लागले. आमची माणसं बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूखभर जायची तेव्हाचं. तांड्याला सोडून कोणी निघालं नाही, म्हणून तांडा टिकला. "एकट्याचा माल वाटेतच राह्यते, बाई. हे माहं नाही, माह्या आज्याचं बोलणं आहे."

मी म्हटलं, तुम्ही माझा हात धरून गिरवायचे, मग पाटी पुसायचे. हे पण हात धरूनच झालंय. पुसायचं की ठेवायचं?

मला वाटलं होतं ते लगेच पुस म्हणतील. तसं म्हणाले नाहीत. रागावले. "दोनशे तासांत एक पाय! पाटी पुसली तं पुन्हा काढता येते. साल पुसलं तं? पुढच्या साली कंपनी तुहं दार वाजवाले येणार हाय का? तांड्यातल्या पोरी तुह्याकडे पाहून राह्यल्या. त्यायले काय सांगू?"

मी गाठोडं डोक्यावर घेतलं आणि घराकडे निघाले.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज बापू आणि मी एकमेकांच्या वाटेत येऊ नये असं वागलो.

सारखं तेच करून पाहते. खाटेवर बसते, डोळे मिटते, वारा उजवीकडून, नाक वाऱ्याकडे, जमीन वर येते. डावा पाय. कधी वेळेवर दाबला जातो, कधी नाही. खाटेवर काहीच कळत नाही. ते फक्त तिथेच कळेल, आणि बाजूची जागा रिकामी असेल तरच.

उद्या कंपनीच्या विमानात माझ्या मागे माणसं बसतील. त्यांना कोणी सांगणार नाही की हिला आडव्या वाऱ्यात एकटीनं उतरता येतं की नाही, हे हिलाच ठाऊक नाही.

याडीला बापूंकडून कळलं असावं. तिनं ताट पुढे ठेवलं आणि एवढंच विचारलं, "तवा, उतरतानी, भ्याली होती का तू?"

"हो."

"मंग अजून भेतेच हाय." आणि भाकरी वाढली.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सरांना फोन केला. आधी कागदावर लिहून काढलं होतं काय बोलायचं ते. सांगितलं की मी सही करणार नाही. सुरुवातीला वाटलं होतं, नुसतं म्हणावं, मला पुन्हा उडायचं आहे — कारण न सांगता. पण कारण विचारणारच. आणि न सांगणं म्हणजे पुन्हा "हो" म्हणण्यासारखंच. "सर, तुमचं नाव येईल. तुमचं शिकवणं बंद करतील कदाचित."

पलीकडे ट्रक जात होता. तो जाईपर्यंत ते थांबले. "करतील. काही दिवस तरी करतील." मग म्हणाले, "तुह्यावर राग नाही असं नाही सांगत. राग आहे. पण सांग. फक्त एक कर, बापूचं नाव नको काढू. पाय माहा होता."

मी बरं म्हणाले. आता वाटतं, हे तरी बरं म्हणायला हवं होतं का? मी आपण होऊन बापूंचं नाव घेणार नाही. पण कोणी सरळ विचारलं तर? तेव्हाचं तेव्हा. नाही — विचारलं तर सांगेन. हे सरांना सांगायला हवं. त्यांना तसा मेसेज पाठवला. उत्तर आलं नाही.

रात्रीच्या जेवणाला सगळ्यांसमोर सांगितलं. बारा डिसेंबरची परीक्षा देणार नाही, देता येणार नाही. लखनभिया म्हणाला, "गावभर वाटलेले पेढे आता वापस मागू का?" कोणी हसलं नाही. बापू ताटावरून उठले नाहीत. पुरं जेवले.

१८ नोव्हेंबर, मंगळवार. यवतमाळ बसस्थानक

दारव्ह्याला बापू स्वतः सोडायला आले. यवतमाळच्या जीपच्या टपावर दोन पिशव्या बांधल्या होत्या, माझी आणि लखनभियाची. भिया आत बसला होता. बापू चाकावर पाय देऊन वर चढले, त्याची पिशवी सोडून खाली घेतली आणि म्हणाले, "लखन, उतर."

भियाला वाटलं, जागा नाही. "बापू, मी लटकतो ना."

"उतर म्हणलं."

जीप वळली तेव्हा बापूंनी तोंड फिरवलं होतं, पिशवी छातीशी धरून.

तिकीट एकटीचं काढलं. बसमध्ये शेजारची जागा रिकामी आहे.

उद्या, बुधवार, एकोणीस नोव्हेंबर. सही करणार नाही. पाय कुणाचा होता ते सांगणार, आणि जानेवारीच्या रांगेत नाव लावणार.