कोरड्या रांगेचा कैवारी

२ जून
उन्हाळी रिसर्च फेलोशिपचा पहिला दिवस. ही योजना चालवणाऱ्या सरांनी स्वागताच्या भाषणात सांगितलं की ज्यांच्या घरात कॉलेजच्या पुढे कुणी गेलेलं नाही, अशा वेगवेगळ्या थरांतल्या मुलांना पीएच.डी.साठी तयार करायचं म्हणून ती आहे. 'तयार करायचं' हे मला खटकलं. मी तयारच आलोय.
संकल्प : पाचला उठणे. रोज एक रिसर्च पेपर. कुणापुढेही न वाकणे.

३ जून
सव्वाआठला उठलो. अलार्म रूममेटनं बंद केला असणार. हा गणिताचा आहे. टूथपेस्टची ट्यूब खालून दाबतो. अशा माणसांच्या हातून मोठं काही होत नाही.
मला टोमॅटोची लॅब मिळाली. गाईड म्हणजे पीएच.डी.च्या पाचव्या वर्षाची एक मुलगी, तिला सगळे ताई म्हणतात. टोमॅटोचं एक नवीन वाण पाण्यावाचून किती तग धरतं, हा तिचा विषय. ग्रीनहाउसमध्ये कुंड्यांच्या दोन रांगा आहेत. ओल्या रांगेला रोज पाणी, कोरड्या रांगेला काहीच नाही. मी ओल्या रांगेला पाणी घालायचं आणि दोन्हींचे फोटो काढायचे. एवढ्यासाठी एवढा मोठा अर्ज भरून घेतला.
कोरड्या रांगेनं काय पाप केलं, असं ताईला विचारलं. म्हणाली, काही नाही, चिठ्ठ्या टाकून ठरवलं.
चिठ्ठ्या टाकून. म्हणजे कोण कुठल्या कुंडीत उगवलं, त्यावर पाणी. हा प्रकार माझ्या चांगल्या ओळखीचा आहे.

९ जून
एक पेपर वाचला. म्हणजे वरचा सारांश. सारांश कळल्यावर बाकीचं वाचणं हा लेखकावर अविश्वास आहे.
दुपारी लेखनाच्या मॅडमचा वर्ग. मला संशोधन का करायचंय, यावर पानभर लिहायचं होतं. मी लिहिलं : 'मी जन्मजात संशोधक आहे.' मॅडमनी पुरावा विचारला. दुसऱ्या कुणाला विचारला नाही.
संध्याकाळी मामाचा फोन. सुट्टी संपली की टायरच्या दुकानात बस म्हणतो, पुरे झालं शिकणं. मी ठणकावून सांगितलं की मला पीएच.डी.चा इंटरव्ह्यू मिळालाय. अजून मिळायचाय. पण शेवटचं प्रेझेंटेशन चांगलं झालं आणि गाईडनं शिफारस केली, तर सर थेट इंटरव्ह्यूला बोलावतात. म्हणजे मिळाल्यातच जमा. आणि नाही मिळाला तर मला जन्मभर टायरच मोजावे लागतील, हे मामाला सांगायची गरज नव्हती.

१७ जून
कोरड्या रांगेनं माना टाकल्या. ताईला बोलावलं, तर ती खुशीत कॅमेरा घेऊन आली. फोटो काढताना गुणगुणत होती. घरचं बरं असलं की माणूस असा दगड होतो. हिचे आईवडील बहुतेक दोघंही प्रोफेसर असतील.

१९ जून, सकाळ
ताई कसल्याशा मोठ्या मशीनवर काम करायला परगावच्या लॅबमध्ये गेली. आठवडाभर नाही. ग्रीनहाउसची चावी माझ्याकडे. जाताना म्हणाली, तुझ्यावर सोडून जातेय.

१९ जून, संध्याकाळ
माझ्या बाटलीत थोडं पाणी उरलं होतं. कोरड्या रांगेला घोट घोट दिलं. याला पाणी घालणं म्हणत नाहीत.

२० जून
मोठी बाटली विकत आणली. उरतं जास्त.

२३ जून
बाटली खोलीवर विसरलो. पाइप वापरला. साधन कुठलं यापेक्षा भावना महत्त्वाची.
रोपं ताठ उभी राहिली आहेत. मी खूप वेळ तिथेच बसून होतो. इथे आल्यापासून पहिल्यांदाच आपण कुणाच्या तरी उपयोगी पडलो असं वाटलं. सभागृहात भाषणं करून समान संधी येत नाही, हे सरांना कधीतरी ऐकवणार आहे.

२७ जून
ताई परत आली. कोरड्या रांगेसमोर जाऊन उभी राहिली. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, पाच वर्षांत पहिल्यांदा हे वाण तगलं. सरांना फोन केला. सर जेवण अर्धं टाकून आले.
मी सांगणार होतो. खरंच सांगणार होतो. पण सगळे इतक्या आनंदात असताना मध्ये तोंड घालणं बरं दिसत नाही. शिवाय मेहनत रोपांचीच आहे. मी फक्त प्रोत्साहन दिलं.
संध्याकाळी ताईनं सरांना माझी शिफारस मेल केली. 'डोळे झाकून काम सोपवावं असा मुलगा' असं लिहिलंय म्हणाली. माणसाची पारख आहे तिला.

८ जुलै
रूममेटला सहज, अगदी गुपित म्हणून, बाटलीचं सांगितलं. दात घासता घासता थांबला. तोंडातला फेस तसाच ठेवून म्हणाला, आत्ताच्या आत्ता जाऊन ताईला सांग, ती त्यावर थिसिस लिहितेय. मी म्हटलं, प्रेझेंटेशन झालं की सांगीन, प्रत्येक गोष्टीची वेळ असते. तर म्हणाला, ती वेळ एकोणीस जूनला होती.
गणितवाल्यांना जिवंत वस्तूंचा अनुभव नसतो. शिवाय त्याला माझा हेवा वाटतो.

१५ जुलै
ताई दिवसभर टाइप करत असते. आज मला तिनं कॉफी पाजली. सांगायला तोंड उघडलं होतं, पण कॉफी गरम होती.

२५ जुलै
प्रेझेंटेशन. इस्त्रीचा शर्ट. आवाज खणखणीत. सर मान डोलवत होते.
मग एका पाहुण्या शास्त्रज्ञानं विचारलं, कोरड्या रांगेला खरंच एक थेंबही पाणी नव्हतं का. मी लपवाछपवी करणाऱ्यांतला नाही. ताठ उभा राहून सांगितलं : होतं, रोज घोटभर, माणुसकी म्हणून, आणि जिथे चिठ्ठ्या टाकून तहान वाटली जाते तिथे मी असाच वागणार.
हॉल हसला. टाळ्या पडल्या. हजरजबाबी वाटलो असणार. मग सरांनी ताईकडे पाहिलं. ती हसत नव्हती. हळूहळू कुणीच हसेना.

२६ जुलै
सर ओरडले नाहीत. ओरडले असते तर मी उत्तर देणार होतो. ताईला सगळा प्रयोग बी पेरण्यापासून पुन्हा करावा लागणार. थिसिस यंदा नाही.
ग्रीनहाउसमध्ये गेलो. ती कोरड्या रांगेतली रोपं उपटत होती. मी म्हटलं, मी अन्यायाविरुद्ध उभा राहिलो, आणि तुझं काय, वर्षभर इकडे तिकडे झालं तर घरी कुणाचं काय अडणार आहे.
हातातलं रोप खाली ठेवून तिनं सांगितलं. ती याच फेलोशिपमधून आली. घरात शिकलेली पहिलीच. वडील एका गोदामावर रात्रीचे पहारेकरी आहेत, गुडघे गेलेत, ताईला नोकरी लागली की काम सोडणार होते. काल फोन करून तिनं त्यांना अजून वर्षभर थांबायला सांगितलं.
आवाज न चढवता सांगत होती. मला तिथून पळून जावंसं वाटलं.
मग म्हणाली, सर आज इंटरव्ह्यूची नावं ठरवणार आहेत. कालच्या प्रकाराला ते नवखेपणा म्हणताहेत, बाकी तिच्या शिफारशीवर सोडलंय. ती शिफारस मागे घेऊ की राहू देऊ, हे तूच सांग.
दोन महिने मी सगळ्यांना समान पाणी मिळावं म्हणून भांडत होतो. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी 'राहू दे' म्हणालो.
ती बरं म्हणाली, आणि तिनं पुढची कुंडी ओढून घेतली.