‘बाबा’ला दोन ओठ लागतात

१२ जून २००६, सोम.
सकाळी चूळ भरली तर पाणी उजवीकडून शर्टावर. आरशात तोंडाची उजवी बाजू लोंबतेय. वहिनीने गाडीत घालून थेट डॉक्टरकडे नेलं. स्ट्रोक नाही. चेहऱ्याची नस सुजलीय, बहुतेक बरं होईल. बहुतेक म्हणजे?
जवळजवळ वर्षभर इकडेतिकडे राहून फ्लॅट बुश या उपनगरात दादा-वहिनीकडे दोन आठवडे म्हणून आलो, चार महिने झाले. या आठवड्यात दक्षिणेचं बेट, साऊथ आयलंड, गाठणार होतो. राहिलं.

१४ जून, बुध.
जेवताना वरण गळतं, न जेवता लाळ. दादाची सई, वय चार: "काका, यू आर ड्रिबलिंग." आत जाऊन स्वतःचं जुनं लाळेरं घेऊन आली. बदकांचं. वहिनी तिच्यावर ओरडली. मी बांधलं. काय करणार.

१६ जून, शुक्र.
स्पीच थेरपिस्ट बाई म्हणाली, लाळ जास्त सुटत नाहीये, सगळ्यांना सुटते तेवढीच. ओठ मिटले की बांध बसतो, मग गिळली जाते. माझा बांध एका बाजूने फुटलाय. आइस्क्रीमची काडी ओठांत धरायची, दातांत नाही, दहा आकडे. तीनला पडली. खिडकीबाहेर लाल चोचीचा पुकेको तोऱ्यात चाललेला, तोच बघत बसलो. "हॅलो?" बाई. प, ब, म अडणार म्हणे.

१७ जून, शनि.
आईचा फोन. उद्या बाबा बोलणार. स्वतःहून. डिप्लोमा अर्धवट टाकून इकडे परदेशात आलो, तेव्हापासून सव्वा वर्ष फोनवर आले नाहीत.
आईला पत्ता लागला नाही. ‘आई’ला ओठ मिटावेच लागत नाहीत. हो आई, ठीक आहे, खाल्लं, थंडी आहे. एवढ्यावर निभावलं.
नंतर बाथरूममध्ये ‘बाबा’ म्हणून पाहिलं. ‘हाहा’ आलं. सव्वा वर्षाने फोनवर येणार आणि मी हसलो असं वाटलं तर
वहिनी: "सांगून टाक ना सरळ." सांगितलं तर म्हणतील, बघ, म्हटलं होतं. किंवा काहीच म्हणणार नाहीत. ते जास्त वाईट.

१८ जून, रवि.
दिवसभर सराव. बोटाने उजवा ओठ वर दाबला की जमतं थोडं. सई परीक्षक. "अगेन, काका."
संध्याकाळी फोन. पलीकडे खाकरणं. ओठ दाबून म्हटलं. ओलं, फाटकं काहीतरी निघालं.
मग, "रडतोस कशाला?"
रडत नव्हतो. सांगितलं नाही. लाळेऱ्याने रिसीव्हर पुसला. जेवतोस का, थंडी किती, एवढंच. आवाज मऊ होता. पुढच्या रविवारी करतो म्हणाले.
काडी आज पाचपर्यंत राहिली. रविवारपर्यंत ओठ मिटला आणि ‘बाबा’ स्वच्छ निघालं, तर तेव्हाही आवाज असाच मऊ राहील का?