नमुन्याच्या घरातली झोप

३ मार्च

ती. वन्संना शि. सा. न.

हे गेले आणि महिन्याच्या आत थोरल्या भावजींनी आमची खोली विकली. तेव्हापासून मी आणि मुली दुकानांच्या पायऱ्यांवर निजलो. आता एका नव्या टॉवरमध्ये झाडलोट करते. गिऱ्हाइकांना दाखवायला तिथे एक नमुन्याचं घर सजवलंय. गाद्या, पडदे, टेबलावर मेणाची फळं. रात्री किल्ली माझ्याकडे असते, म्हणून मुली तिथे झोपतात. उजाडायच्या आत चादरी ताणून आम्ही बाहेर. छोटीने मेणाच्या सफरचंदाला दात लावले, काय करू!

आणि ही घरं विकतं कोण? आपले भावजी! मला पाहून न पाहिल्यासारखं करतात. येत्या रविवारी ते गिऱ्हाईक आणणार आहेत. मी मुलींना उठवणार नाही.

माया उरली असेल तर दोन ओळी लिहा.

तुमची धाकटी

७ मार्च

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

वाचून घास उतरला नाही. दादा म्हणाला होता, तू माहेरी गेलीस. मी खुळी, खरं मानून बसले. पण बये, आततायीपणा करू नकोस. त्याच्याबरोबर तुझीही नोकरी जाईल. माझ्या आतल्या खोलीतला भाडेकरू हलला की बोलावते. तोवर राग गिळ.

मुलींचे पापे घे.

तुझी वन्सं

११ मार्च

ती. वन्संना शि. सा. न.

राग गिळून पाहिला, त्याने पोट भरत नाही. रविवारी भावजींनी बंगल्यात राहणाऱ्या एका श्रीमंत बाईंना झोपायची खोली किती शांत आहे ते सांगत दार उघडलं. छोटी काका, काका करत त्यांच्या पायांना बिलगली. ते म्हणाले, ओळखत नाही. तेव्हा मोठीने पलंगावरूनच सांगितलं की हे आमचे सख्खे काका, आमची खोली यांनीच विकली. बाई आल्या पावली परतल्या. टॉवरचा मालक मागेच उभा होता. भावजींना आणि मला, दोघांनाही त्याने कामावरून काढलं. मी जाताना झाडू भावजींच्या हातात दिला.

पुन्हा पायरीवर आहोत. पण मला गाढ झोप लागते, वन्सं. रागावला असाल तरी तुटू नका. उत्तर कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या पत्त्यावर पाठवा.

तुमची धाकटी

१६ मार्च

चि. धाकटीस आशीर्वाद.

दादा काल ट्रंक घेऊन आला. कंपनीने दिलेलं घर गेलं म्हणे. भाडेकरू परवाच हलला. मी दादाला सांगितलं, आतली खोली धाकटीची. तेव्हापासून पुढच्या दारातल्या ओट्यावर ट्रंकेवर बसलाय. शेजारी विचारतात, मी खरं तेच सांगते.

तिकिटं सोबत आहेत. मागच्या दाराने येऊ नकोस. मुलींना त्याच्यासमोरून आत येऊ दे.

वाट पाहणारी,
तुझी वन्सं