बिनचिंधीचा दोरा

आई, पांढुर्ण्याचं आपलं दुकान आज रंगवायला काढलं, म्हणून मशीनजवळचा तुझा तो शेवटचा खिळा उपटावा लागला. आता सगळ्या गिऱ्हाइकांची मापं मोबाइलमध्ये असतात. कोणाचा ब्लाउज कधी द्यायचा ते तोच सांगतो, टिंगटिंग करून. दिवसभरात मला हाक मारणारं तेवढंच एक उरलंय, आणि तेही दुसऱ्यांच्या कामासाठी.

तुझ्या काळी, ऐंशी-पंच्याऐंशीच्या त्या सालांत, भिंतभर खिळे होते. तुला लिहिता येत नव्हतं, म्हणून तू माप दोऱ्यावर घ्यायचीस. छातीला एक गाठ, कमरेला दुसरी, बाहीला तिसरी, आणि दोरा कोणाचा ते कळावं म्हणून वरच्या टोकाला गिऱ्हाइकाच्याच कापडाची चिंधी. बोरगावची बाई एसटीतून उतरून दारात यायच्या आत तिचा दोरा तुझ्या हातात असायचा. गाठी तू डोळ्यांनी नाही, बोटांनी वाचायचीस. मी नागपूरहून ऑफिसकामाचा कोर्स करून आले आणि मला त्या भिंतीची लाज वाटायला लागली. एका शनिवारी तू जामसांवलीला दर्शनाला गेलीस आणि मी पदर खोचला. एकेक दोरा टेपला लावून मापं कार्डांवर उतरवली, कार्डांना नंबर दिले, बुटांच्या खोक्यात ओळीनं लावली. भिंतीवर तीन रकाने आखले: कापायचं, शिवायचं, न्यायचं. उतरवून झालेले दोरे चुलीत घातले. मशीनजवळच्या एका काळपट दोऱ्याला चिंधीच नव्हती. नाव नाही तर नंबर कोणता देणार? तोही चुलीत गेला.

संध्याकाळी तू आलीस, रकाने पाहिलेस, हसलीस. "वा बाप्पा! नागपूरचं पाणी चढलं पोरीले." मग तुझा हात मशीनजवळच्या खिळ्याकडे गेला.

"इथला दोरा कुठी गेला वं?"

"कोणाचा होता? त्याले चिंधी कुठी होती?"

"तुह्या बाबाचा. त्यायचा दोरा वळखाले मले चिंधी लागते काय?"

बाबांना जाऊन तेव्हा दहा-अकरा वर्षं झाली होती. रोज मशीनवर बसताना तू त्या खिळ्याला हात लावायचीस, आणि मला वाटायचं, आधार घेते. "पडला असन कुठीतरी. शोधून देते," एवढंच म्हणाले.

दोन दिवसांनी तसाच दोरा घेतला, अंदाजानं तीन गाठी मारल्या, तेल-काजळीत मळवला आणि मशीनमागं सापडला म्हणून तुझ्या हातात दिला. तू या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलंस. दुसऱ्या गाठीवर तू थांबलीस. मग म्हणालीस, "सापडला, बाई." खिळ्याला अडकवलास. मला वाटलं, सुटले. काय अक्कल माझी! त्या दिवसापासून मशीनवर बसताना तुझा हात त्या खिळ्याकडे गेला नाही. मला ते दिसत होतं, पण मी दिसलं नाही असं केलं. तू गेल्यावरही त्या खिळ्याजवळ जायची माझी हिंमत झाली नाही.

आज दोरा हातात घेऊन धूळ झटकली, तर वरच्या टोकाला एक चिंधी बांधलेली. पिवळी, बारीक निळ्या फुलांची. मी नागपूरला शिकायला निघाले तेव्हा तू शिवून दिलेल्या ड्रेसची. हा दोरा बाबांचा नाही, माझा, हे तू चिंधी बांधून सांगून ठेवलंस आणि मरेपर्यंत एक शब्द बोलली नाहीस. दोन शिव्या दिल्या असत्यास तर मी रडून मोकळी झाले असते गं. आता कोणापुढे रडू?

रंगारी विचारून राहिला, "बाई, खिळा फेकू का?" मी नाही म्हटलं. मोबाइल वाजला, पाहिलाच नाही. हा कागद कुठे धाडायचा ते काही मला माहीत नाही. पण आई, तो दोरा मी जाळला होता. तुले माहीत होतं. माह्या तोंडानं मात्र आज पहिल्यांदा सांगून राहिली.