आरसा कुणी धरायचा

४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

माझं हर्नियाचं ऑपरेशन सोमवारी ठरलं. महिनाभर काही उचलायचं नाही, आणि आमची मिरी तर आता आठ वर्षांची धोंड झाली आहे. शनिवारी हे तिला तुझ्याकडे सोडतील. माझ्याशिवाय ती कधी राहिली नाही, म्हणून जीव खालीवर होतो.

नळी लावून लघवी तिची ती काढते, तू फक्त वेळेची आठवण कर. भीती पायांची. मणक्याच्या त्या जन्मजात दोषामुळे, स्पायना बायफिडामुळे, तिच्या तळव्यांना काही कळतच नाही. मागे बुटात बटण राहिलं, त्याची जखम भरायला दोन महिने गेले, आणि ही आपली खिदळत होती. रोज संध्याकाळी पाय धुऊन, खाली आरसा धरून तळवे नीट बघ. तुझं शिवणाचं घर म्हणजे टाचण्यांचं आगर! रागावू नकोस, पण तुझा ‘बघू गं’ इथे चालायचा नाही.

पोरीवर आणि माझ्यावर माया असू दे.

तुझी,
धाकटी


१९ जून

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

ऑपरेशन नीट झाल्याचं कळलं, जीव भांड्यात पडला. तुझं पत्र आल्याबरोबर लोहचुंबक फिरवून सगळं घर पालथं घातलं होतं. मिरी पायांना आधाराचे कॅलिपर चढवून कटिंगच्या टेबलाशी उभी राहते आणि गिऱ्हाइकांना सांगते, की मावशी दिलेली तारीख कधीच पाळत नाही. नाव अगदी शोभतं तिला!

पहिल्या दिवशी तिचे तळवे बघताना मला पाय आणि आरसा दोन्ही सांभाळता येईना. तेव्हा आरसा तिनेच धरला. चार दिवसांपूर्वी मात्र हट्टाला पेटली, की आता मावशीचे पाय. मी हसत पाय पुढे केला. ती आरशावर वाकून म्हणाली, की मावशी, टाचणी आहे. टाचेत पार डोक्यापर्यंत रुतलेली, भोवती सगळं लाल. मला पत्ता नाही! रक्तातल्या साखरेमुळे पाय बधिर होतील, रोज बघत जा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी ‘बघू’ म्हणत राहिले. टाचणी काढताना डॉक्टर म्हणाले, आणखी थोडे दिवस गेले असते तर पायावर बेतलं असतं. मी खूप रडले गं.

आता पाय स्टुलावर आणि दुकान मिरीच्या ताब्यात. तुला बरं वाटलं तरी लगेच नेऊ नकोस तिला.

जपून राहा, आणि आम्हा दोघींची आठवण ठेव.

तुझी,
ताई

ता. क. आई, मावशीचे पाय मी रोज बघते. तुझे कोण बघतं?
– मिरी